गणपतीची सावली अक्षरांना चिकटवली आणि शिरोरेखाच गायब (इंकस्केप)

पत्रिकावाला:
मंडळी, लग्नपत्रिकेचं काम आहे. इंकस्केप (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) ०.९२. (दुकानातला कॉम्प्युटर म्हातारा झालाय, त्यावर नवीन काही चढत नाही.) वर ९० मिमी रुंदीचा गणपती. त्याची एक डुप्लिकेट करून तपकिरी रंग दिला, ब्लर (कडा धूसर करणारा फिल्टर) मारला आणि खाली सरकवली. सावली झकास पडली.

मग तीच सावली खालच्या ‘श्री गणेशाय नमः’ ला पाहिजे होती. अक्षरं मी पेन टूलनं काढलीत, एकेक सुटं, ८ मिमी उंच. शिरोरेखा मात्र एकच सरळ रेघ, स्ट्रोक (रेघेची जाडी आणि रंग) दिलेली, म्हणजे मजकूर लांबला तर नुसती ओढायची. या सगळ्याची डुप्लिकेट केली, गणपतीची सावली कॉपी केली आणि कंट्रोल-शिफ्ट-व्ही, म्हणजे पेस्ट स्टाइल.

झालं काय? अक्षरांचा नुसता धूर. तोही कडेला सुरीनं कापल्यासारखा सरळ. विसर्गाचे दोन गोल ठिपके चक्क चौकोन झाले! आणि शिरोरेखेची सावली पडलीच नाही. नवरदेवाच्या भावाला वेबसाइटवर टाकायला एसव्हीजी (ब्राउझरमध्ये उघडणारी चित्राची फाइल) द्यायचीय, तो रोज फोन करतोय. माझं काय चुकतंय?

रंगारी:
रेघेचं सोपं आहे. पेस्ट स्टाइल फक्त ब्लर नेत नाही. फिल (आतला रंग), स्ट्रोक, अपारदर्शकता, सगळं बिऱ्हाड घेऊन जातं. तुमच्या गणपतीला स्ट्रोक नसणार, म्हणून रेघेचाही स्ट्रोक गेला. नुसत्या फिलवर सरळ रेघ दिसणार कशी? नुसता ब्लर न्यायचा असेल तर वस्तू सिलेक्ट करून फिल्टर एडिटरमध्ये त्या फिल्टरसमोर टिक करा.

पत्रिकावाला:
स्ट्रोक परत दिला हो. आउटलाइन मोडमध्ये (नुसत्या कडा दिसतात त्यात) रेघ जागच्या जागी आहे. फाइल ब्राउझरमध्ये उघडली की नाही. फिल्टर काढला की येते, लावला की जाते. भुताटकी आहे.

आकडेमोड:
भुताटकी नाही, गणित आहे दादा.

फिल अँड स्ट्रोकच्या खिडकीतला खालचा ब्लरचा स्लायडर टक्के दाखवतो आणि ते टक्के त्या-त्या वस्तूच्या आकारावर असतात. फाइलीत मात्र थेट अंतर लिहिलं जातं. समजा गणपतीला ते २ मिमी पडलं. असा ब्लर साधारण तिप्पट, म्हणजे ६ मिमी पसरतो. ९० मिमीच्या गणपतीला ही मऊ सावली. तेच २ मिमी जसेच्या तसे ८ मिमीच्या अक्षराला लागले, म्हणून धूर.

आता कापलेल्या कडा. फिल्टरला रंगवायला एक चौकट लागते आणि ती वस्तूच्या मापावर ठरते. वेगळं काही लिहिलेलं नसेल तर एसव्हीजीत चारी बाजूंनी १० टक्के जास्त. गणपतीला ९ मिमी मोकळी जागा मिळाली, ६ मिमीचा ब्लर आरामात मावला. अक्षराला मिळाली ०.८ मिमी. बाहेरचं सगळं छाटलं जाणार. दीड मिमीच्या ठिपक्याचं तर काही विचारूच नका, चौकटीत रंग भरला आणि चौकटच दिसली.

आणि शिरोरेखा. अगदी आडव्या रेघेची उंची शून्य, कारण या मोजमापात स्ट्रोकची जाडी धरत नाहीत. शून्याचे १० टक्के शून्य. चौकटच नाही, मग ब्राउझर ती रेघ रंगवतच नाही. रेघ केसभर तिरकी केलीत तर लगेच शून्य राहणार नाही, पण चौकट इतकी बारीक की उपयोग नाही.

रंगारी:
मग स्ट्रोक टू पाथ करा की. रेघेची पट्टी होईल, पट्टीला उंची असते.

आकडेमोड:
१.२ मिमीची पट्टी म्हणजे वर-खाली ०.१२ मिमी. पुन्हा छाटणी. फिल्टर एडिटरच्या जनरल सेटिंग्जमध्ये चौकट वाढवता येईल, पण फिल्टर सामायिक आहे. एकासाठी वाढवली की गणपतीसकट सगळ्यांची वाढेल.

त्यापेक्षा सावलीच्या अक्षरांवरून रिमूव्ह फिल्टर्स मारा, रेघेसकट सगळ्यांचा ग्रुप करा आणि स्लायडरनं ब्लर त्या ग्रुपला द्या. चौकट अख्ख्या ओळीच्या मापाची होईल.

पत्रिकावाला:
केलं. पहिल्याच दमात जमलं! ठिपके गोल, रेघ जागेवर, नवरदेवाच्या भावाच्या मोबाइलवरही दिसतेय. परवा याच रेघेपायी मी अख्खी ओळ पुन्हा काढली होती, ते कुणाला सांगू नका.

आता तो म्हणतोय, सावली नको, सोनेरी पाहिजे.