तीन मुलं, तीन इयत्ता : होमस्कूलिंगसाठी तीन वेगळे संच कशाला?

रानफूल (धागाकर्ती)
होमस्कूलिंग करायचं ठरलं की पुस्तकखरेदीला जो ऊत येतो, त्याबद्दल हा धागा. समजा मुलं ४, ६ आणि ९ वर्षांची आहेत. बहुतेक घरांत तिघांसाठी तीन तयार संच येतात. प्रत्येक खोक्यात भाषा, गणित, विज्ञान, इतिहास, चित्रकला आणि वर एक जाडजूड शिक्षक-पुस्तिका. आता हिशेब करा. पाच विषय, प्रत्येकी २० मिनिटं, तीन मुलं. झाली ३०० मिनिटं, म्हणजे पाच तास. तेही मधे कुणाला शू लागणार नाही, कुणाचं पेन्सिलीवरून भांडण होणार नाही असं धरून. पाच-सहा आठवड्यांत खोकी कपाटावर जातात आणि पालक स्वतःलाच दोष देत बसतात.

माझं मत : प्रत्येकाचं वेगळं फक्त गणित आणि वाचन-लेखन. या दोन्हींत मागचं कच्चं राहिलं तर पुढचं अडतं. विज्ञान, इतिहास, भूगोल, गोष्टी, कविता, चित्रकला यांत तसं नाही. ओल्या कापसात बी ठेवलं की ४ वर्षांचा रोज उठून मोड आलाय का बघतो, ६ वर्षांची चित्र काढून खाली तारीख घालते आणि ९ वर्षांची मुळाची लांबी पट्टीने मोजून तक्ता करते. विषय एक, काम ज्याच्या त्याच्या वयाचं. यासाठी विज्ञानाची तीन पुस्तकं लागत नाहीत.

खडूफळा
ताई, तुमच्या पाच तासांत रात्रीचा वेळ कुठे धरलाय? तयार संचाच्या शिक्षक-पुस्तिकेत आज कोणतं पान, काय विचारायचं, मूल अडलं तर काय दाखवायचं, हे सगळं लिहिलेलं असतं. सकाळी उघडायची आणि सुरू व्हायचं. ‘सगळ्यांना एकत्र’ म्हणजे पुस्तक तुम्ही शोधणार, प्रश्न तुम्ही काढणार, तिघांची कामं तुम्ही ठरवणार. जे काम प्रकाशक लोकांना पगार देऊन करून घेतात, ते तुम्ही आईच्या गळ्यात फुकट मारताय.

आणि तीन संच घेतले म्हणजे तिन्ही तोंडी शिकवायचे असं कुणी सांगितलं? ९ वर्षांचं वाचतं मूल निम्मा संच आपला आपण करतं. नोकरी सांभाळून हे करणाऱ्यांना ओला कापूस सांगू नका हो.

दशक_एकक
गणित वेगळं, इथपर्यंत रानफूल यांच्याशी सहमत. पण इयत्ता बघून घेऊ नका. गणिताचे बरेच कार्यक्रम प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे मूल कोणत्या पातळीवर आहे ते सांगणारी चाचणी, मोफत देतात, ती आधी करा आणि निकाल आला की त्याच्याशी वाद घालू नका.

चाचणी नसेल तर ९ वर्षांच्या मुलाला ४२ वजा १७ घाला. उत्तर ३५ आलं तर समजायचं की पोर प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतंय : ७ मधून २, ४ मधून १. अशा वेळी हातच्याची आणखी शंभर उदाहरणं देऊन उपयोग नाही, कारण एक दशक मोडला की दहा एकक सुटतात हे त्याला दिसलेलंच नाही. त्याच्यापुढे दशकाच्या चार कांड्या आणि दोन सुटे मणी ठेवा आणि म्हणा, ‘यातून सतरा दे.’ एक कांडी देईल, मग सात सुटे शोधेल. नाहीत. थोडा वेळ तुमच्या तोंडाकडे बघेल आणि मग एक कांडी पुढे करून म्हणेल, ‘हिचे सुटे दे.’ ही अदलाबदल हाताने चार-पाचदा झाली की मग कागद. आधी वस्तू, मग चित्र, मग चिन्ह, हा क्रम सिंगापूरच्या गणितामुळे गाजला. त्यामागे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांची १९६० च्या दशकातली मांडणी आहे.

शक्यतो तिन्ही मुलांना एकाच प्रकाशनाची मालिका लावा, पातळी वेगळी. नाहीतर वजाबाकीच्या तीन रीती तुम्हालाच पाठ कराव्या लागतील. एक प्रकरण पूर्ण मुरवून पुढे जाणारी पुस्तकं असतात आणि रोज थोडं नवं, थोडं जुनं फिरवत ठेवणारी असतात. मी दुसऱ्या पंथाचा. विसरण्याचा वेग किती असतो ते जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ सालीच मोजून दाखवलंय.

खडूफळा
म्हणजे फिरून संचच आला की.

दशक_एकक
गणिताचा. अख्खं खोकं नव्हे.

बहुरंगी
पण प्रत्येक मुलाची शिकण्याची शैली वेगळी असते ना? माझा मोठा बघून शिकतो, धाकटी ऐकून. म्हणून दोघांना वेगवेगळे अभ्यासक्रम घेतले.

दशक_एकक
शैलीनुसार शिकवलं तर मूल जास्त शिकतं, याला पुरेसा पुरावा नाही असा निष्कर्ष मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या संशोधन-आढाव्यात आहे. मुलांची आवड वेगळी असते, आधीची तयारी वेगळी असते, हे मान्य. ‘दृश्य शैली’च्या नावाखाली दुसरं खोकं घेऊ नका एवढंच.

तिरकी_रेघ
‘इतिहास सगळ्यांना एकत्र’ यावर कुणी बोललंच नाही. यासाठी चार वर्षांचं चक्र लोकप्रिय आहे : प्राचीन, मध्ययुग, त्यानंतरचा सुरुवातीचा आधुनिक काळ आणि शेवटी १९वं-२०वं शतक. थोरली ६ ची असताना पिरॅमिडपासून सुरुवात करते. ती ९ ची होते तेव्हा चक्र विसाव्या शतकात पोचलेलं असतं. आणि धाग्यातलं मधलं मूल नेमकं त्याच वर्षी ६ चं होऊन टेबलाशी येतं. त्याच्या वाट्याला इतिहासाचा पहिला धडा कोणता? पहिलं महायुद्ध. मग ज्यूंचा संहार, मग हिरोशिमा. विषय एक आणि काम वयाप्रमाणे हे बियांना ठीक आहे, गॅस चेंबरला कसं लावणार?

रानफूल
मुद्दा रास्त आहे. पण चक्र काही धर्मग्रंथ नाही. त्या वर्षी एकत्र वाचायला माणसं आणि शोध घ्यावेत : राइट बंधूंचं १९०३ चं उड्डाण, रेडिओ, पेनिसिलिन, १९६९ ची चांद्रमोहीम. युद्धाचं पुस्तक थोरलीने तिचं ती वाचावं आणि त्यावर मोठ्या माणसाशी एकटीने बोलावं. भिंतीवर कागदाची लांब कालपट्टी लावली की मधलीला पिरॅमिड पुढल्या वर्षी भेटले तरी ते कुठे बसतात हे दिसतं.

तिरकी_रेघ
म्हणजे थोरलीसाठी वेगळं पुस्तक आलंच. नोंद घेतली.

मोकळा_श्वास
४, ६, ९ या वयांना अभ्यासक्रम हवाच कशाला? अमेरिकी शिक्षणलेखक जॉन होल्टने १९७७ मध्ये शाळेविना वाढणाऱ्या मुलांसाठी नियतकालिक काढलं तेव्हापासून लोक हे करून दाखवतायत. ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन तर वेळापत्रकाच्या बाई, पण सहाव्या वर्षाआधी औपचारिक धडे नकोत असं त्याही सांगत. त्या हिशेबाने ४ वर्षांच्याचा संच सरळ रद्द. पुस्तकं, माती, कात्री, रंग, भरपूर मोकळा वेळ. झालं.

खडूफळा
४ वर्षांच्याचा संच रद्द, मंजूर. ९ वर्षांच्या मुलाला तुमची कात्री भागाकार शिकवणार नाही. आणि मेसनबाईंचं अर्धंच सांगू नका. सहानंतर त्यांच्याकडे ठरलेले विषय आणि घड्याळ लावून छोटे धडे होते.

नियमावली
मतं काहीही असोत, आधी कायदा बघा. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे. काही ठिकाणी विषयांची यादी, कामाची फाइल किंवा वार्षिक मूल्यमापन मागतात, काही ठिकाणी काहीच विचारत नाहीत. जिथे फाइल दाखवावी लागते तिथे मुलागणिक दाखवावी लागते, त्यामुळे ‘सगळ्यांनी मिळून बी उगवलं’ हे प्रत्येकाच्या वहीत वेगळं दिसलं पाहिजे.

जोडाक्षर
वाचनाबद्दल. इंग्रजी फोनिक्सचा (अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवण्याचा) कार्यक्रम जसाच्या तसा उचलून मराठीला लावणारे बरेच भेटतात. इंग्रजीत एका अक्षराचे उच्चार बदलतात म्हणून तिथे ती पद्धत लागते. मराठीत च, ज, झ वगैरे सोडले तर अक्षर दिसलं की उच्चार ठरलेला. इथली अडचण चिन्हांची आहे. ‘कि’ची वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि तोंडातून नंतर येते, इथे कितीतरी मुलं ठेचकाळतात. मग एकटा र घ्या : प्रकाश, सूर्य, राष्ट्र, सुऱ्या. चार शब्द, चार रूपं. म्हणून मराठी वाचनपुस्तक निवडताना चित्रं नंतर बघा. आधी बघा की बिनकान्याचे शब्द, मग एकेक स्वरचिन्ह, मग जोडाक्षरं असा क्रम आहे का. पुष्कळ देखणी पुस्तकं तिसऱ्याच पानावर ‘स्वच्छ’ आणि ‘प्राणिसंग्रहालय’ टाकून मोकळी होतात. ती वाचून दाखवायला ठेवा, वाचायला शिकवायला नको.

आणि हे काम तीन मुलांना एकत्र होत नाही. दहा-पंधरा मिनिटंच, पण मांडीला मांडी लावून.

मधलीच
मी घरी शिकलेय आणि तिघांतली मधली आहे, तर ऐका. एकत्र शिकवणीचं पुस्तक नेहमी थोरल्याच्या वयाचं असायचं आणि ते समजावून सांगितलं जायचं धाकट्याला. प्रश्न विचारला की दादा आधी उत्तर देणार. चुकलं तर धाकटा काहीतरी गमतीशीर बोलणार, सगळे हसणार, धडा पुढे. मला उत्तर येत असलं तरी त्याची गरज उरलेली नसायची.

माझं एकटीचं होतं ते गणिताचं वर्कबुक. त्यावर माझं नाव होतं आणि त्यातलं पान कुणी आधी सोडवलेलं नसायचं. तुम्ही सगळे मिनिटं मोजताय. मधल्या मुलाला आपलं म्हणून काहीतरी लागतं, ते कुठल्या रकान्यात लिहिणार? खडूफळा यांचे तीन संच मला जास्त बरे वाटतात, मग ते अर्धे का पडून राहीनात.

रानफूल
मधलीच, यावर एक उपाय चालतो. एकदा वाचून झालं की मुलांनी ते परत आपल्या शब्दांत सांगायचं. मेसनबाईंचीच रीत. पण सांगायला सुरुवात सगळ्यात धाकट्याने करायची. तो ‘एक जहाज होतं आणि ते बुडालं’ एवढं सांगेल. मग मधल्याची पाळी, त्या वेळी मोठ्याने गप्प. थोरल्याने शेवटी, किंवा लेखी. शिवाय वह्या ज्याच्या त्याच्या.

मधलीच
धाकट्यापासून सुरुवात हे पटलं. वही दिली म्हणून पुस्तक माझ्या वयाचं होत नाही, हे मात्र तसंच राहिलं.

जुनं_ते
साहित्यावर थोडं. एकाच रंगीत पट्ट्यांच्या संचावर, ज्यात १ ते १० सेंमीच्या दहा रंगांच्या पट्ट्या असतात, तिन्ही वयं निघतात. ४ वर्षांचा त्यांचा जिना रचतो, ६ ची दहाच्या जोड्या लावते, ९ ची तीनची पट्टी नऊशेजारी ठेवून एक तृतीयांश बघते. मॉन्टेसरीबाईंच्या वर्गात ३ ते ६ वर्षांची मुलं एकत्र आणि प्रत्येक साधन एकेकच असतं. मुलाने थांबायला शिकावं म्हणून ते मुद्दाम तसं ठेवतात. म्हणजे तीन मुलांना तीन-तीन नगांची गरज नाही. मात्र त्यांची सगळी साधनं घरी आणू नका, ती अख्ख्या वर्गासाठी योजलेली आहेत.

जुनी पुस्तकं घेताना शिक्षक-पुस्तिका आणि वर्कबुक एकाच आवृत्तीचं आहे का ते बघा, नाहीतर पानं जुळत नाहीत आणि रोज सकाळी शोधाशोध. वर्कबुकावर न लिहिता पान प्लास्टिकच्या पाकिटात घालून पुसता येणाऱ्या पेनाने सोडवून घेतलं की तेच धाकट्याला येतं. पीडीएफ घेतली तर घरातल्या मुलांसाठी छपाईची परवानगी बहुधा असते, पण अट वाचा, आणि ती शेजारी पाठवू नका.

मधलीच
प्लास्टिकचं पाकीट! म्हणजे मधल्याचं वर्कबुकही गेलं. छान.

नवी_भरती
मला ५ वर्षांची जुळी आणि २ वर्षांचा एक. आवेशात तीन संच मागवलेत, परत करायची मुदत अजून आहे. काय ठेवू?

खडूफळा
दोन वर्षांच्याचा परत करा. जुळ्यांचा पूर्ण ठेवा, शिक्षक-पुस्तिका एकच पुरेल, वर्कबुकं मात्र दोन.

रानफूल
जुळ्यांचं गणित आणि वाचन ठेवा, बाकी परत. दोन वर्षांच्याला संच नको, जुळ्यांच्या धड्याच्याच वेळी खाली येईल असा एक डबा हवा : मोठे मणी, झाकणं, घरातलं काहीबाही. एरवी तो डबा वर ठेवायचा.

दशक_एकक
आणि जुळी असली तरी चाचणी दोघांची वेगवेगळी घ्या.