बायकोसाठी पहिलं पिस्तूल, कुठलं घेऊ? (टेक्सास)

आम्ही डॅलसजवळ, दोघंही ग्रीन कार्डवाले. बायकोची नाइट शिफ्ट असते, पर्समध्ये ठेवायला छोटंसं काहीतरी हवंय, दुकानदार म्हणतो लेडीजना रिव्हॉल्वर बेस्ट. खरंय का?

— छे हो! हलकं रिव्हॉल्वर म्हणजे ट्रिगर जड आणि झटका असा की माझ्या वहिनीने 5 गोळ्यांत खाली ठेवलं, मनगट चोळत बसली. स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझेड बघा, स्लाइड (गोळी भरायला मागे ओढतात तो वरचा भाग) ओढायला सोपी.

— तिलाच शूटिंग रेंजवर न्या ना, भाड्याने 4-5 चालवू दे, तुम्ही कशाला ठरवताय 😀 आणि पर्स नकोच, पर्स खेचली की पिस्तूलही गेलं. कमरेला, ट्रिगर पूर्ण झाकणारं होल्स्टर (पिस्तुलाचं कव्हर).

— 2021 पासून इथे पिस्तूल सोबत बाळगायला लायसन्स सक्तीचं नाही, तरी ट्रेनिंगचा क्लास कराच.