मदत हवी आहे: समीकरणात एस, एल, जी, एक्यू ठरवायचं कसं?

नमस्कार मंडळी. लेक दहावीला, एसएससी बोर्ड, मराठी माध्यम. मी कॉमर्सवाला. समीकरणं संतुलित करायला विरार फास्टमध्ये उभ्याउभ्या व्हिडिओ बघून शिकलो, घरी येऊन तिला शिकवलं, जमलं. अडलंय पुढे, कंसात अवस्था लिहिताना. एस स्थायू, एल द्रव, जी वायू, एक्यू पाण्यात विरघळलेलं, हे पाठ आहे. पण नुसतं सूत्र बघून कळणार कसं?

सोडियम क्लोराइड बरणीत स्थायू, सिल्व्हर नायट्रेटच्या समीकरणात एक्यू. ठीक. पण त्याच समीकरणात सिल्व्हर क्लोराइड एस! दोन्ही क्लोराइडच ना? क्लासात विचारलं तर उत्तर आलं, "पाठ करा."

खरं भांडण चुन्यावरून झालं. कळीचा चुना अधिक पाणी: एका पुस्तकात कॅल्शियम हायड्रॉक्साइडपुढे एक्यू, दुसऱ्यात एस. तिने एस लिहिलं, अर्धा मार्क गेला. बरोबर कोण?

प्रतिसाद
दोन्ही. (चुनाभट्टीला राहतो, चुन्याचं उत्तर देणं भागच आहे.) प्रयोग कसा केलाय ते बघा. कळीच्या चुन्यावर बेताचं पाणी शिंपडलं की तो इतका तापतो की जास्तीच्या पाण्याची वाफ होते, हाती कोरडी भुकटी उरते. ती एस. भरपूर पाणी ओतलंत तरी साध्या तापमानाला लिटरभर पाण्यात जेमतेम १.७ ग्रॅम विरघळणार, बाकीचा तळाला. वरची निवळी तेवढी एक्यू. तिच्यात कार्बन डायऑक्साइड सोडला की दुधाळ होते, कारण कॅल्शियम कार्बोनेट विरघळत नाही. तो पुन्हा एस. परीक्षेत मात्र बोर्डाच्या पुस्तकात आहे तेच लिहायला सांगा, वाद निकालानंतर घालू.

क्लोराइडचं म्हणाल तर थोडी घोकंपट्टी आहेच. सोडियम, पोटॅशियम, अमोनियमचे नेहमीचे क्षार आणि सगळी नायट्रेटं विरघळतात. क्लोराइडंही बहुतेक विरघळतात, चांदी आणि शिशाची सोडून. सल्फेटांत बेरियम आणि शिसं अडून बसतात. बाकी प्रश्नच चहाडी करतो: 'अवक्षेप' (न विरघळता तळाला बसणारा साका) म्हटलं की एस, 'विरल आम्ल' म्हटलं की एक्यू. हायड्रोजन क्लोराइड वायू म्हटलं तर जी, तोच पाण्यात गेला की हायड्रोक्लोरिक आम्ल, एक्यू.

धागाकर्ता
फार उपकार झाले! शेवटचं एकच. मिथेन जळतो तेव्हा पाणी एल की जी?

प्रतिसाद
ज्योतीत जी. घरी पाइपचा गॅस असेल तर तो बहुतांशी मिथेनच. पेटलेल्या शेगडीवर थंड, कोरडं पातेलं क्षणभर धरा, बुडाला दव धरेल. ते एल. पुढे अकरावी-बारावीत हा फरक आकड्यांत दिसेल: एक मोल मिथेनमागे पाणी द्रव धरलं तर सुमारे ८९० किलोज्यूल उष्णता, वाफ धरली तर ८०२.

धागाकर्ता
धरलं. दव आलं! लेक खूश. बायको विचारतेय, रिकामं पातेलं गॅसवर का, दूध कुठंय?