मदत हवी आहे : क्यूआरवर आलेल्या एका रकमेमुळे दुकानाचे संपूर्ण खाते गोठवले गेले आहे

नमस्कार.

कणकवलीच्या पुढे महामार्गालगत आमचे कोकणमेव्याचे लहानसे दुकान आहे. काजूगर, आमसुले, कोकम आगळ, आंबापोळी, फणसपोळी असा माल आम्ही आसपासच्या वाड्यांतून आणि दोन महिला बचत गटांकडून घेतो व गोव्याला जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाशांना विकतो. दुकान वडील बघतात. मी पुण्यात नोकरी करतो आणि हिशेब, बँक, मोबाईल ही कामे लांबून सांभाळतो. ६ मे रोजी सकाळी वडिलांनी काजूवाल्याला १४,००० रुपये पाठवायचा प्रयत्न केला, तो व्यवहार तीनदा नाकारला गेला, आणि शाखेत गेल्यावर समजले की खात्यावर ‘डेबिट फ्रीज’ लागला आहे. खात्यात पैसे येऊ शकतात, बाहेर मात्र एक रुपयाही जाऊ शकत नाही. त्या दिवशी शिल्लक १,८६,४१२ रुपये होती, आणि त्यातले निम्म्याहून अधिक पैसे ज्यांचा माल आम्ही उचलला आहे त्यांचेच देणे आहे.

शाखेत तोंडी एवढेच सांगण्यात आले की दुसऱ्या एका राज्यातील सायबर पोलिसांकडून सूचना आली आहे, तुमच्या खात्यात फसवणुकीच्या पैशातला काही भाग जमा झाला आहे, त्यांच्याकडून एनओसी (ना-हरकत पत्र) आणा म्हणजे आम्ही खाते मोकळे करू. कोणते पोलीस ठाणे, कोणती रक्कम, कोणत्या तारखेची, या प्रश्नांवर ‘मुख्य कार्यालयाकडून आले आहे, आम्हाला एवढेच दिसते’ हे उत्तर मिळाले. कर्मचारी उद्धटपणे बोलले असे नाही, पण सत्तरीच्या माणसाने नाव-गाव ठाऊक नसलेल्या ठाण्याची एनओसी कोठून आणायची, हे त्यांनाही सांगता आले नाही.

नोव्हेंबर २०१६ मधल्या नोटाबंदीपर्यंत आमचा सगळा धंदा रोखीचा होता. त्या वर्षाअखेर भीम ॲप आले, आणि ५०० ची नोट घेऊन सुटे मागणाऱ्या प्रवाशांना कंटाळून वडिलांनी पुढच्या हंगामात क्यूआर लावला. नंतर रक्कम मोठ्याने सांगणारा स्पीकर आला, तेव्हा खोटे स्क्रीनशॉट दाखवून माल नेणाऱ्यांचा त्रासही संपला. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला एमडीआर, म्हणजे प्रत्येक विक्रीमागे त्याच्याकडून कापले जाणारे शुल्क, नाही, त्यामुळे तक्रारीला जागाच नव्हती. सुरक्षिततेच्या म्हणून जेवढ्या गोष्टी सांगितल्या जातात त्या आम्ही पाळल्या : पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही हे वडिलांना पाठ आहे, ओटीपी ते मलासुद्धा सांगत नाहीत, आणि क्यूआरवर कोणी दुसरा स्टिकर चिकटवलेला नाही ना हे रोज सकाळी दुकान उघडताना नखाने खरवडून बघतात.

परंतु ही सर्व खबरदारी जाणाऱ्या पैशाची आहे. रिझर्व्ह बँकेचे जुलै २०१७ चे परिपत्रक मी वाचले. ग्राहकाचा किंवा बँकेचा दोष नसताना त्रयस्थामुळे खात्यातून पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर ग्राहकावर काहीही भार येत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पण ज्याच्याकडे अनोळखी माणसाचे पैसे येतात त्या दुकानदाराने काय करायचे, यावर त्यात काही नाही. वडील म्हणाले, ‘‘नोट खोटी आसली तर हाताक कळता, ह्या पैशाचा काय कळतला?’’ यावर मला उत्तर सुचले नाही.

माझे प्रश्न असे आहेत. पोलिसांचा तपशील लेखी देण्यास बँक बांधील आहे का, आणि तो कोणत्या शब्दांत मागावा? वादग्रस्त रक्कम लहान असेल तर तेवढीच अडकवून बाकीचे खाते मोकळे करता येते का? आणि तिसरी गोष्ट, जी मला अधिक घाबरवते आहे : ८ मे रोजी वडिलांना एक फोन आला, पलीकडच्या माणसाने स्वतःला सायबर सेलचा अधिकारी म्हणवले, खाते गोठल्याचे त्याला ठाऊक होते, आणि ‘वादातली रक्कम अधिक ५,००० रुपये’ एका यूपीआय क्रमांकावर पाठवले तर संध्याकाळपर्यंत खाते उघडेल असे तो म्हणाला. हा खरा अधिकारी असू शकतो का?

प्रतिसाद : सर्वप्रथम, त्या फोनवाल्याला एक पैसाही देऊ नका. तपास अधिकारी खाजगी यूपीआयवर पैसे घेऊन खाते उघडत नाही. गोठलेल्या खात्यांची माहिती कोठून तरी बाहेर जाते आणि असे ‘सोडवून देणारे’ उगवतात. त्याचा क्रमांक टिपून १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदतक्रमांकावर कळवा.

मी सहकारी बँकेत तीस वर्षे काढली, शेवटची काही वर्षे याच तक्रारी हाताळत होतो, म्हणून आत काय घडते ते सांगतो. फसवला गेलेला माणूस १९३० वर फोन करतो किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर तक्रार नोंदवतो, आणि त्या तक्रारीला एक पोचक्रमांक मिळतो. पैसे ज्या बँकेत गेले त्या बँकेला ती तक्रार तत्काळ दिसते. तिथून ते पुढच्या खात्यांत गेले असतील तर ती बँक पुढच्या बँकांची नावे भरते, आणि साखळी अशी सरकत जाते. आम्ही याला पहिला थर, दुसरा थर म्हणत असू. चोर पैसे एका जागी ठेवत नाही. भाड्याने घेतलेल्या खात्यांतून ते फोडतो आणि शेवटी कोठेतरी खर्च करतो किंवा रोख करतो. तो खर्च तुमच्या काउंटरवर झाला की तुमचे खाते तिसऱ्या किंवा चौथ्या थरात येते. ही घाई अकारण नाही, कारण पहिल्या काही तासांत रक्कम अडवली नाही तर ती हाती लागत नाही. पण त्या घाईत बँका पुष्कळदा रकमेपुरता ‘लीन’ लावण्याऐवजी, म्हणजे तेवढीच रक्कम अडकवून ठेवण्याऐवजी, संपूर्ण खात्याला टाळे ठोकतात. शाखेला त्यात कमी धोका वाटतो, हे मी अनुभवाने लिहितो आहे.

शाखा व्यवस्थापकाच्या नावे दोन प्रतींत अर्ज द्या आणि एका प्रतीवर शिक्का घ्या. त्यात तक्रारीचा पोचक्रमांक, सूचना देणारे पोलीस ठाणे व राज्य, वादग्रस्त रक्कम आणि त्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक व्यवहाराचा ओळखक्रमांक) एवढेच मागा, आणि खाते कोणत्या लेखी सूचनेनुसार गोठवले तिची प्रत मागा. ‘मुख्य कार्यालयाकडून आले’ हे उत्तर शिक्क्याच्या अर्जावर सहसा लिहून मिळत नाही, तिथे माहिती काढावीच लागते. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधानकारक नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येईल, मात्र पोलिसांची सूचना लोकपाल उठवू शकत नाही, बँकेची टाळाटाळ तेवढी त्याच्या कक्षेत येते.

तोवर एक काम करा. एप्रिल महिन्याचा खातेउतारा घेऊन अनोळखी आणि नेहमीपेक्षा मोठी रक्कम कोणती आली होती ते वडिलांच्या वहीशी ताडून पाहा.

धागाकर्ता : आपला अत्यंत आभारी आहे. शिक्क्यानिशी अर्ज दिल्यावर चौथ्या दिवशी बँकेचे पत्र मिळाले. वादग्रस्त रक्कम ९,००० रुपये आहे.

येथे मला एक गोष्ट लिहिणे भाग आहे, जी पहिल्या मजकुरात नव्हती, कारण मला ती ठाऊकच नव्हती. आमच्या दुकानात एका गिऱ्हाइकाचे ९,००० चे बिल वर्षातून दोन-तीनदाच होते. वहीत ती रक्कम जमा झाल्याच्या तारखेला वडिलांच्या अक्षरात ‘काजू १ किलो, आगळ २ बाटल्या, १,३५० ऑनलाइन’ आणि खाली ‘७,६५० दिले’ अशी नोंद आहे. विचारल्यावर त्यांनी सांगितले की मोटारीतून आलेल्या दोन तरुणांनी थोडा माल घेतला, पुढचे एटीएम बंद आहे, गाडीत आजारी बाई आहे, रुग्णालयात रोख मागतात, तुमच्या क्यूआरवर जास्त पाठवतो, वरचे रोख द्या, अशी गयावया केली. स्पीकरने ‘नऊ हजार रुपये प्राप्त झाले’ असे म्हटले, आणि वडिलांनी गल्ल्यातून ७,६५० मोजून दिले. कमिशन म्हणून एक रुपयाही घेतला नाही. उलट त्या बाईसाठी एक फणसपोळी वरून दिली, ती वहीत नाही.

आता प्रश्न असा की पोलिसांना हे सांगितल्याने वडील अडचणीत येतील का?

प्रतिसाद : इतका विचार कशाला करता? सरळ ९,००० चे बिल मागच्या तारखेने फाडा आणि पाठवून द्या. माल विकला, पैसे घेतले, विषय संपला.

प्रतिसाद : वरचा सल्ला कृपया मानू नये. मी वकील नाही, पण माझ्या मेव्हण्याचे भुसार दुकान याच दिव्यातून गेले आहे. ते तरुण उद्या पकडले गेले आणि त्यांनी ‘दुकानातून रोख घेतली’ असे जबाबात सांगितले, तर खोटे बिल तुमच्या वडिलांना साक्षीदाराच्या जागेवरून आरोपीच्या जागेवर नेऊन बसवील. आज त्यांच्या बाजूने सर्वांत बळकट वस्तू जर कोणती असेल तर ती ‘७,६५० दिले’ ही त्याच दिवशी लिहिलेली ओळ आहे. ते पान फाडू नका, त्यावर काही गिरवूही नका, आधीच्या आणि नंतरच्या पानांसह फोटो काढा.

पत्रात आलेल्या पोलीस ठाण्याचा अधिकृत ईमेल पत्ता त्या राज्याच्या पोलिसांच्या संकेतस्थळावरून घ्या, फोनवर कोणी सांगितलेला घेऊ नका. घडले तसे लिहा, सोबत वहीची पाने, उतारा, उद्यम नोंदणी, अन्न परवाना आणि माल खरेदीच्या पावत्या जोडा, आणि ९,००० वगळून बाकी खाते वापरास मोकळे करण्यास बँकेला कळवावे, अशी नेमकी विनंती करा. हीच प्रत आपल्या जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यातही द्या.

ही मागणी अवास्तव नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच खातेदारांच्या याचिकांवर, पोलिसांच्या सूचनेत जी रक्कम नमूद आहे तेवढ्यापुरतेच खाते अडवावे, असे बँकांना सांगितले होते. दिल्लीत छोले-भटुरे विकणाऱ्या एकाचे खाते अवघ्या १०५ रुपयांसाठी गोठले होते आणि २०२४ मध्ये त्यालाही उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. ईमेलला उत्तर आले नाही, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत मार्ग आहे. कलम १०६ खाली पोलिसांनी केलेल्या जप्तीची माहिती दंडाधिकाऱ्यांना द्यावी लागते, आणि कलम ५०३ खाली ती मालमत्ता परत मिळण्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. अडचण एवढीच की ते न्यायालय सहसा त्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतले असते, आणि कणकवलीहून तिथे वकील उभा करण्याचा खर्च ९,००० च्या पुढे सहज जातो. हे मला अन्यायाचे वाटते, पण आज वस्तुस्थिती तशी आहे.

पुढच्यासाठी एवढेच की क्यूआर बचत खात्यावर असेल तर तो दुकानासाठी वेगळे चालू खाते काढून त्यावर न्या आणि आठवड्यातून दोनदा त्यातली रक्कम दुसऱ्या खात्यात वळवा, म्हणजे पुन्हा असे घडले तरी सगळे भांडवल एका जागी अडकणार नाही. काहीजण क्यूआरच काढून टाका म्हणतील. तुमच्या रस्त्यावर ते परवडणार नाही, कारण मोटारीतल्या माणसाच्या खिशात हल्ली काजूपुरती रोख नसते.

धागाकर्ता : आपण सांगितल्याप्रमाणे खरा वृत्तान्त लिहून १९ मे रोजी ईमेल पाठवला. तिसऱ्या दिवशी उत्तर आले, आणि ते माणसाने लिहिलेले होते, याचाच मला आधार वाटला. अधिकाऱ्याने वहीचे मूळ पान जपून ठेवण्यास सांगितले आहे आणि त्या दिवसाचे सीसीटीव्ही चित्रीकरण मागितले आहे. दुर्दैवाने आमचा डीव्हीआर पंधरा दिवसांनी स्वतःच पुसला जातो. शेजारच्या पंक्चरवाल्याने मात्र त्या मोटारीच्या चाकात हवा भरली होती आणि ती कोणत्या राज्याच्या पासिंगची होती हे त्याला आठवते, म्हणून त्याचे लेखी निवेदन पाठवले आहे. पूर्ण खात्याऐवजी ९,००० वरच लीन ठेवण्याबाबत ‘बँकेला कळवू’ असे उत्तरात आहे, पण आज २८ मे झाली तरी शाखेत काही पोचलेले नाही. काजूवाल्याला मी माझ्या पगारातून पैसे दिले. बचत गटाच्या बायका अजून काही बोललेल्या नाहीत.

त्या ९,००० वर आमचा हक्क सांगायचा नाही, असे वडिलांनी ठरवले आहे, ज्याचे गेले त्याला ते परत जावेत असे ते म्हणतात. माझा शेवटचा प्रश्न त्याविषयीच आहे. ही रक्कम मूळ तक्रारदाराला परत करण्यास आमची हरकत नाही असे संमतिपत्र दिले, तर बाकीचे खाते लवकर सुटण्यास मदत होते का, आणि त्या पत्रात गुन्ह्याची कबुली वाटेल असा कोणताही शब्द येऊ नये म्हणून ते कसे लिहावे? कोणी प्रत्यक्ष असे पत्र दिले असेल, तर त्यातील नावे वगळून मसुदा येथे द्यावा, ही विनंती.