घरबसल्या ट्रान्स्क्रिप्शनला 'आदर्श काम' म्हणणाऱ्यांसाठी

सिडको_रात्रपाळी
काल इथे कोणीतरी लिहिलं, "मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन म्हणजे बायकांसाठी आदर्श काम. हेडफोन लावा, टाईप करा, पैसे घ्या." वाचून राहवलं नाही. काम म्हणजे डॉक्टरने पेशंटबद्दल रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकून टाईप करायचं. पैसे ओळीवर मिळतात आणि ओळ म्हणजे स्पेस धरून 65 अक्षरं. अमेरिकेतला डॉक्टर घाईघाईत पुटपुटतो. 'फिफ्टीन' मिलिग्रॅम की 'फिफ्टी', हे कळेपर्यंत तेच दोन शब्द पायाखालचं पेडल दाबून पुन्हा पुन्हा ऐकायचे, त्या वेळेचे पैसे शून्य. जागा रिकामी सोडली तर क्यूए (काम तपासणारं खातं) मार्क कापतं, अंदाजाने भरली तर पेशंटच्या जिवाशी खेळ. आता तर फाईल मशीनने टाईप होऊन येते म्हणून रेट निम्म्यावर आणलाय. मशीन 'नो फ्रॅक्चर'मधला 'नो' गाळतं, त्यामुळे ऑडिओ अथपासून इतिपर्यंत ऐकावाच लागतो. करारात मी 'कन्सल्टंट', म्हणजे पीएफ नाही, रजा नाही. लाईट गेली तर इन्व्हर्टर माझा, नेट माझं, डेडलाईन मात्र त्यांची.

गंगापूररोडकर
ती पोस्ट माझी. जबरदस्ती कोणी केलीय का? माझ्या वहिनीने दोन मुलं सांभाळून याच कामावर फ्लॅटचे हप्ते फेडले. स्पीड वाढवा, एक्सपांडर (दोन-तीन अक्षरांवरून पूर्ण शब्द टाईप करणारं सॉफ्टवेअर) वापरा. रडगाणं गाऊन रेट वाढत नसतो.

सिडको_रात्रपाळी
कोणत्या साली फेडले? मशीन यायच्या आधी ना?

पंचवटीकर
मूळ दुखणं वेगळंच आहे. नाशकात आयटी आणलंच नाही कोणी. अंबडची आयटी इमारत वर्षानुवर्षं धूळ खात पडली, पोरं हिंजवडीला गेली. माझाही मुलगा तिकडेच, इथे आम्ही दोघं म्हातारे.

इंदिरानगर_४२
झालं, आणलं पुणे मध्ये! पुण्यातही ओळीवरच पैसे देतात हो.

पंचवटीकर
देत असतील, पण तिथे सहा महिन्यांत दुसरी नोकरी धरता येते. इथे द्राक्षं, वाईन आणि कुंभमेळा यापलीकडे नेत्यांना काही दिसत नाही.

इंदिरानगर_४२
काका, सातपूर-अंबडच्या कारखान्यांवर अर्धं शहर जगतंय, ते विसरलात?

सातपूर_फिटर
कारखान्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आमचा ओव्हरटाईम बुडाला तेव्हा आम्ही गेटवर बसलो, मिळाला. या ताई कुठल्या गेटवर बसणार? शेजारच्या गल्लीत कोण हेच काम करतंय तेही त्यांना ठाऊक नसतं. माझी बायको पहाटे चारला फाईल पाठवते आणि सहाला डब्याला लागते. सासू म्हणते, "घरीच तर असते."

गंगापूररोडकर
वहिनीने 2012 च्या आधीच कर्ज फेडलं, हे खरं. निम्म्या रेटचं मला माहीत नव्हतं. तरी काम वाईट म्हणणार नाही, कंपनी वाईट असेल.

सिडको_रात्रपाळी
मीही काम वाईट म्हटलेलं नाही. औषधांची नावं, ऑपरेशनच्या नोट्स, सगळं मन लावून शिकले. ऑडिओच्या मिनिटांवर पैसे द्या आणि करारात 'कर्मचारी' लिहा, एवढंच मागणं आहे. वहिनींना विचारा, आजच्या रेटवर पुन्हा बसतील का.