मॅडिसन काउंटीचे लाकडी पूल – आईबाबांना घेऊन जायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, अमेरिकेत आयोवा राज्यातल्या विंटरसेटला (मॅडिसन काउंटीतलं गाव) कोणी जाऊन आलंय का? आईबाबा येतायत आणि त्यांना तिथले छप्परवाले लाकडी पूल दाखवायचेच आहेत, पूर्वी १९ होते आता ६ उरलेत, बहुतेक सगळे नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेसमध्ये (अमेरिकेतल्या ऐतिहासिक ठिकाणांची सरकारी यादी) आहेत. बाबांना सुतारकामाचं भारी वेड, खालची महागडी जाड लाकडं कुजू नयेत म्हणून वर छप्पर, हे ऐकूनच खूश झालेत. पण आईचे गुडघे दुखतात आणि तिकडे खडीचे रस्ते. रोझमन आणि १२२ फुटी हॉलिवेल, या दोन्ही पुलांकडे पावसानंतर साधी कार नीट जाते का? पार्किंगपासून चालायला किती लागतं? एकच बघणं जमणार असेल तर कुठला बघू? प्लीज सांगा.