रेकॉर्डिंगवर बाहुला नाचवला तर त्याला शब्दभ्रम म्हणायचं का?

नेरुळवाला: सोसायटीच्या गणपतीत परवा 'शब्दभ्रमाचे प्रयोग' असा मोठा बोर्ड लावला होता, मी हौसेने पोरांना घेऊन पुढे बसलो तर पेनड्राइव्हवर आवाज चालू आणि कलाकार नुसता बाहुल्याचा जबडा वरखाली करतोय. बोलक्या बाहुल्या म्हणा, काहीही म्हणा, पण शब्दभ्रम म्हणजे कलाकाराने स्वतः ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करणं, हा शब्दभ्रम कसला? मधेच एका चिमुरडीने बाहुल्याला नाव विचारलं तर ट्रॅक आपला पुढे चालूच.

कोपरीचे काका: पोरं हसली ना, मग झालं. आणि हॉलमध्ये आवाज तसाही स्पीकरमधूनच येतो. टीव्हीचा आवाज मागून येत असला तरी आपल्याला हिरोच बोलतोय असं वाटतं, कारण ज्याचं तोंड हलतं त्याचा आवाज असं डोळा ठरवतो. भ्रम तिथे होतो, गळ्यात नाही.

नेरुळवाला: काका, आरशासमोर उभे राहा आणि ओठ न हलवता 'गणपती बाप्पा मोरया' म्हणा. 'गण' निघेल, 'प'लाच अडकाल, पुढे बाप्पा मोरयाला तर विचारूच नका. प फ ब भ म, अख्खी ओळ ओठांची. कलाकार तिथे ओठांऐवजी जिभेवर काम भागवतो, म्हणजे ब च्या जागी द च्या जवळचं काहीतरी, आणि वाक्याच्या ओघात आपल्याला ते ब च ऐकू येतं. ही मेहनत पेनड्राइव्हला कुठून येणार?

खारघर_ताई: पण ते पोटातून बोलतात ना?

नेरुळवाला: नाही हो, आवाज गळ्यातूनच येतो. पोट फक्त 'व्हेंट्रिलोक्विझम' या इंग्रजी शब्दाच्या लॅटिन मुळात आहे.

तलावपाळी: 'झपाटलेला' (१९९३) आठवा. तात्या विंचूचा बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. त्या आवाजाला आपण डबिंगच म्हणतो. उलट पाध्ये स्टेजवर आपल्या अर्धवटराव या बाहुल्याशी भांडतात तेव्हा दोन्ही बाजू एकाच गळ्यातून येतात, तो शब्दभ्रम. नेरुळवाल्यांशी सहमत.

कोपरीचे काका: अहो पाध्ये कुठे आणि वर्गणीतून उरलेलं मंडळाचं बजेट कुठे! आणि त्या चिमुरडीचं म्हणाल तर बाहुला खरा वाटला म्हणूनच नाव विचारलं ना तिने? मग झाला की भ्रम.